सरकणे, घसरणे, फरफटणे : ‘स्लायडिंग’ या शब्दाचे तांत्रिक अर्थ

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ राहील. ऐरोलीतील एका यंत्र-उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेचे आपण मराठी भाषांतर करीत आहात. मूळ मजकुरात ‘स्लायडिंग’ हा शब्द पंचवीस-तीस ठिकाणी आला आहे. आपण सगळीकडे ‘सरकता’ हा प्रतिशब्द योजला आणि तपासणाऱ्या अभियंत्याने त्यांतील निम्म्या जागांवर लाल खुणा करून मजकूर परत पाठवला. ‘स्लायडिंग गेट’ला सरकते फाटक चालते, तर ‘स्लायडिंग वेअर’ला सरकती झीज का चालत नाही, ‘स्लायडिंग फिट’ म्हणजे नेमके काय, आणि ‘स्लायडिंग मोड’ हा काय प्रकार आहे, असे आपले उपप्रश्न आहेत.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील मशीन शॉपांच्या देखभालीत माझी तीसेक वर्षे गेली. आता ठाण्यात राहून मी खिडक्या, फाटके आणि जुनी यंत्रे तपासून देतो, आणि अधूनमधून अशा पुस्तिकांची भाषाही दुरुस्त करतो. त्यामुळे अभियंत्याची लाल पेन्सिल आणि भाषांतरकाराची अडचण या दोन्ही गोष्टी मला ठाऊक आहेत. अभियंत्याचे बहुतांशी बरोबर आहे, पण त्याने कारण लिहायला हवे होते.

पहिले कारण व्याकरणाचे आहे. ‘सरकता’ हे धातुसाधित विशेषण ज्या नामाला लागते, ते नाम स्वतः सरकत असले पाहिजे. सरकते फाटक, सरकता दरवाजा, सरकता कप्पा येथे फाटक, दरवाजा आणि कप्पाच सरकतात, म्हणून कानाला काही खटकत नाही. इंग्रजीतले विशेषण असे बंधन पाळत नाही. ‘स्लायडिंग वेअर’मध्ये झीज कुठेही सरकत नाही, दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकल्यामुळे झीज होते. ‘स्लायडिंग फ्रिक्शन’मध्ये घर्षण सरकत नाही. ‘स्लायडिंग फिट’मध्ये बसणी, म्हणजे एक भाग दुसऱ्यात बसण्याची घट्ट-सैल ठेवण, सरकत नाही, ती अशी ठेवलेली असते की आतला भाग हाताने सरकावा. या तिन्ही ठिकाणी मराठीला षष्ठी किंवा ‘-मुळे होणारा’ अशी फोड लागते: सरकण्याने होणारी झीज, सरकण्याचे घर्षण, आतला भाग सरकता राहील अशी बसणी. शब्द दोन वाढतात, पण वाचणाऱ्या फिटरच्या मनात चुकीचे चित्र उभे राहत नाही. आपल्या लाल खुणांपैकी बऱ्याच येथेच निकाली निघतील.

दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि तिथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. आपण खुर्ची सरकवतो, शेवाळावर पाय घसरतो, साबण हातातून निसटतो, सिमेंटचे पोते फरफटत नेतो, परातीतला लाडू घरंगळत जातो. शेवटचा लाडू सोडला तर बाकी सगळ्यांना इंग्रजीत गरजेनुसार ‘स्लाइड’ म्हणता येते. मराठी माणूस न शिकताच या शब्दांत फरक करतो, आणि तो फरक अभियांत्रिकीलाही नेमका हवा असतो. वस्तू ठरलेल्या वाटेने आणि आपल्या मर्जीने गेली तर ती सरकली. वाट सुटली किंवा मर्जी सुटली तर ती घसरली. हलायला नको असताना, घासत घासत, बाहेरच्या जोराने ओढली गेली तर ती फरफटली. लेथवरची, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावरची, क्रॉस स्लाइड (हत्यार आडवे नेणारा भाग) सरकते, तेल सांडलेल्या फरशीवर शिडीचा पाय घसरतो, ब्रेक लावून ठेवलेल्या ट्रॉलीला फोर्कलिफ्टने ढकलले तर ती फरफटते. सुरक्षा-सूचनांत हा फरक चुकला तर अर्थच उलटतो. ‘शिडी सरकू नये म्हणून’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला शिडी एका जागेवरून दुसरीकडे नेण्याची मनाई वाटू शकते, ‘घसरू नये म्हणून’ लिहिले की पायाखालचे रबर आठवते.

आता भौतिकीतला अर्थ. दोन वस्तू एकमेकींना टेकून हलत असताना एकीचा तोच बिंदू दुसरीच्या नवनव्या बिंदूंना भेटत गेला, तर ते सरकणे. दोन्हीकडचे बिंदू जोडीजोडीने बदलत गेले, तर ते लोटणे किंवा गडगडणे, जसे चाक रस्त्यावरून जाते. व्याख्या कोरडी वाटते, पण ती पाहायची असेल तर ठाणे स्थानकाच्या पुलावर पाच मिनिटे उभे राहावे. लोकलच्या टपावरचा पँटोग्राफ वरच्या तारेला खालून टेकलेला असतो आणि त्याच्या माथ्यावरची कार्बनची पट्टी २५,००० व्होल्टच्या त्या तारेवर अखंड सरकत असते. तारेच्या दृष्टीने पाहिले तर तिच्या एका जागेला ती पट्टी क्षणभर भेटते आणि निघून जाते. पट्टीच्या दृष्टीने पाहिले तर तिला पनवेलपर्यंत सुटका नाही. म्हणून झिजते ती पट्टी, आणि ती मुद्दाम मऊ कार्बनची करतात, कारण पट्टी कारशेडमध्ये बदलता येते, किलोमीटरच्या किलोमीटर तार बदलणे परवडत नाही. तार रुळांच्या मध्यावरून सरळ नेली असती तर पट्टीवर एकाच जागी करवतीसारखी खाच पडली असती. ती पडू नये म्हणून सरळ मार्गावर तार खांबागणिक मध्यापासून साधारण २०० मिलिमीटर एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे ताणलेली असते. पुलावरून खाली पाहिले तर तारेची ही नागमोड स्पष्ट दिसते. सरकण्याची झीज थांबवता येत नाही, ती कुठे आणि किती पसरायची एवढेच रचनाकाराच्या हातात असते.

त्याच लोकलच्या खाली उलट चित्र आहे. चाक रुळावर लोटले पाहिजे, सरकता कामा नये. पावसाळ्यात रूळ ओले असताना जोरात ब्रेक लागला की चाकाचे फिरणे थांबते आणि गाडी पुढे जातच राहते, तेव्हा चाकाचा तोच बिंदू रुळाच्या नवनव्या बिंदूंवर घासला जातो आणि तेथे चपटा डाग पडतो. पुढे ते चाक फिरू लागले की प्रत्येक फेऱ्याला डब्याखालून ठक्-ठक् असा आवाज येतो, नेहमीच्या प्रवाशांनी तो ऐकलेला असतो. रेल्वेच्या भाषेत ब्रेक लावताना होणारी ही गोष्ट ‘व्हील स्लाइड’, आणि गाडी निघताना चाक जागच्या जागी गरगर फिरते ती ‘व्हील स्लिप’. पहिल्यात चाक गाडीपेक्षा हळू, दुसऱ्यात गाडीपेक्षा वेगात. मराठीत दोन्हींना ‘चाक घसरणे’ म्हटले तर आणखी एक घोटाळा होतो, कारण वृत्तपत्रांनी ‘डबे घसरले’ हे शब्द रुळावरून उतरण्यासाठी पक्के केले आहेत. मी पहिल्यासाठी ‘चाक फरफटणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘चाक जागीच फिरणे’ असे लिहितो. कोशात हे सापडणार नाही, पण मोटरमनला विचारून पाहा, त्याला दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

ही व्याख्या मान्य केली की एक गंमत लक्षात येते. आपल्याकडे ज्या वस्तूचे नावच ‘स्लायडिंग’ पडले आहे, ती बहुधा सरकत नाही. ठाण्यात किंवा नवी मुंबईत ‘घराला स्लायडिंग बसवून घेतली’ असे कोणी म्हणाले तर ॲल्युमिनियमची खिडकी एवढाच अर्थ असतो, विशेषणाचे नाम झाले आहे आणि ‘खिडकी’ हा शब्द गळून पडला आहे. या खिडकीच्या शटरखाली, म्हणजे काचेच्या हलत्या चौकटीखाली, दोन लहान चाके असतात, ज्यांना सगळे कारागीर ‘बेअरिंग’ म्हणतात, आणि ती खालच्या ट्रॅकच्या कण्यावरून लोटत जातात. खिडकी जड झाली म्हणून तक्रार येते तेव्हा मी प्रथम शटर उचलून ती चाके बोटाने फिरवून पाहतो. दहापैकी सात-आठ वेळा एखादे चाक धूळ, केस आणि गंजाने बसलेले असते, म्हणजे ती खिडकी त्या दिवशी पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने ‘स्लायडिंग’ झालेली असते, आणि तीच तक्रार असते.

खिडक्यांचा विषय निघालाच आहे, तर पावसाचेही सांगतो, कारण या भागात तो सर्वांत मोठा प्रश्न आहे आणि तो सरकण्याशीच जोडलेला आहे. शटर मोकळे सरकायचे तर कडेला फट ठेवावी लागते. ती फट रबराने घट्ट बंद केली तर शटर हलत नाही, म्हणून तेथे केसाळ पट्टी, म्हणजे वूल पाइल, लावतात. ती वारा अडवते, पाणी पूर्ण अडवत नाही. आत शिरलेले पाणी खालच्या ट्रॅकमध्ये उतरते आणि बाहेरच्या बाजूच्या भोकांतून निघून जावे अशी योजना असते. आता वाऱ्याचा हिशेब पाहा. ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब सुमारे १३५ पास्कल भरतो, आणि तो जवळजवळ १४ मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरू शकतो. म्हणजे ट्रॅकची आतली उभी कड १४ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर भोके उघडी असूनही पाणी घरात येणार, कारण बाहेरचा वारा त्याला बाहेर पडू देत नाही. वेग ताशी ९० किलोमीटर झाला तर हीच उंची ३८ मिलिमीटर होते. घोडबंदर रस्त्यावर किंवा पामबीचला खाडीकडे तोंड असलेल्या वरच्या मजल्यांवर तळमजल्याचाच हलका सेक्शन, म्हणजे चौकटीची ॲल्युमिनियमची पट्टी, वापरणारे कंत्राटदार दरवर्षी जूनमध्ये सिलिकॉनची नळी घेऊन धावपळ करतात. सिलिकॉनने तो दोष जात नाही, कड उंच असलेला सेक्शन लागतो. भोके वर्षातून एकदा तारेने साफ करणे मात्र रहिवाशांच्या हातात आहे, आणि ते कोणी करत नाही.

फाटकाचे गणित निराळे आहे. कारखान्याचे सरकते फाटकही खाचेच्या चाकांवर लोटत जाते, पण त्याचे वजन ३००-४०० किलो असते आणि ते उभे राहते केवळ वरच्या मार्गदर्शक रोलरांच्या आधाराने. एका कारखान्यात अंगणाचे काँक्रीट नव्याने करताना ट्रॅकच्या टोकाचा स्टॉपर कापून काढला गेला आणि परत जोडायचा राहिला. रात्रपाळीच्या रखवालदाराने नेहमीच्या सवयीने फाटकाला जोर दिला, फाटक रोलरांच्या पकडीतून पुढे निसटले आणि आडवे झाले. माणूस वाचला, त्याची सायकल चपटी झाली. मी तेव्हा त्याच कारखान्याच्या देखभालीत होतो आणि स्टॉपर जागेवर आहे का हे पाहणे माझ्याच यादीत होते. म्हणून पुस्तिकेत ‘एंड स्टॉप’ हा शब्द जेथे येईल तेथे ‘शेवटचा थांबा’ असे गुळमुळीत लिहू नका, बसथांब्याची आठवण येते. ‘टोकाचा स्टॉपर’ असे लिहा आणि तो नसताना फाटक हलवू नये हे वाक्य ठळक छापायला सांगा.

खरोखर सरकणारी घरातली वस्तू म्हणजे जुन्या लाकडी टेबलाचा रुंद कप्पा. दोन मुठींपैकी एकच धरून तो ओढला की तिरका होऊन अडकतो, आणि मग कितीही जोर लावला तरी निघत नाही, हा अनुभव प्रत्येकाला आहे. ‘कितीही’ हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे. मध्यापासून दूर ओढल्याने कप्पा वळू पाहतो, वळू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या कडा त्याला दाबतात, आणि त्या दाबातून घर्षण निर्माण होते. आपण जोर दुप्पट केला की दाबही दुप्पट आणि घर्षणही दुप्पट. हिशेब असा निघतो की ओढण्याच्या जागेचे मध्यापासूनचे अंतर भागिले मार्गाच्या आत उरलेली लांबी, हे गुणोत्तर १ भागिले घर्षणांकाच्या दुपटीपेक्षा मोठे झाले की कप्पा आपोआप कुलूपबंद होतो. पावसाने फुगलेल्या लाकडाचा घर्षणांक ०.४ धरला तर ही मर्यादा १.२५ येते. ४५ सेंटिमीटर खोल कप्पा पूर्ण आत असताना मूठ मध्यापासून ३० सेंटिमीटरवर असली तरी गुणोत्तर ०.६७ असते आणि कप्पा निघतो. तोच बाहेर येऊन फक्त २० सेंटिमीटर आत उरला की गुणोत्तर १.५ होते आणि तो अडकतो. यंत्रांच्या पुस्तिकांत सरकत्या भागाला ‘मध्याजवळ धरूनच ढकलावे’ अशी सूचना येते ती याच कारणाने. तिचे भाषांतर करताना ‘जोर लावू नये’ एवढेच लिहिणे अपुरे आहे.

घर्षणाचे मूळ नियम सोपे आहेत. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते आणि दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे फ्रान्समध्ये गियोम आमोंतों यांनी १६९९ मध्ये मांडले. पुढे कूलोम यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावर सविस्तर प्रयोग केले. झिजेविषयी १९५३ मध्ये आर्चर्ड यांनी दिलेला नियमही तितकाच सरळ आहे: झिजून गेलेला माल हा भार आणि सरकलेले अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतो आणि मऊ बाजूच्या कठीणपणाच्या प्रमाणात घटतो. पण लेथवर काम करणाऱ्याला यांपैकी कशाहूनही अधिक छळते ती एक गोष्ट नियमांच्या फटीत बसलेली आहे. थांबलेली वस्तू हलवायला लागणारा जोर, ती हलती ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो. कॅरेज, म्हणजे हत्यार घेऊन लेथच्या लांबीने सरकणारा भाग, अगदी हळू पुढे न्यायची असते, हँडल अर्धा भाग फिरवले तरी ती ढिम्म हलत नाही, आणि मग एकदम हवे त्यापेक्षा जास्त पुढे जाते. चिकटणे आणि सुटणे यांचा हा खेळ चालू झाला की कापलेल्या पृष्ठभागावर पट्टे उमटतात. कारागीर म्हणतात, ‘स्लाइड उड्या मारतेय’. त्यावर उपाय म्हणून स्लाइडवेसाठी, म्हणजे भाग ज्यावरून सरकतो त्या मार्गांसाठी, खास चिकट तेल वापरतात, जिब (मोकळीक कमी-जास्त करणारी पट्टी) थोडी कसतात, आणि जुने यंत्र नव्याने बांधताना घासणाऱ्या पृष्ठभागावर टेफ्लॉनमिश्रित पट्टी चिकटवतात, कारण टेफ्लॉनमध्ये थांबलेले आणि हलते घर्षण जवळजवळ सारखेच असते. असे पृष्ठभाग सपाट करण्यासाठी निळ लावून उंचवटे शोधणारे आणि स्क्रेपरने एकेक खरवडणारे हात आता रबाळे-महापे भागातही थोडेच राहिले आहेत.

‘स्लायडिंग फिट’ हा शब्द याच घरातला आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत भोक एच ७ आणि शाफ्ट (आत बसणारा दांडा) जी ६ या जोडीला हे नाव आहे, ही अक्षरे-आकडे म्हणजे मापात किती फरक चालेल याच्या खुणा. २५ मिलिमीटर व्यासासाठी भोक २५.००० ते २५.०२१ आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ मिलिमीटर, म्हणजे दोहोंमधली मोकळीक कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग. हाताने आत सरकावा, फिरवला तर फिरावा, पण हलवल्यावर खुळखुळू नये, अशी ती बसणी. ७ मायक्रॉन म्हणजे किती याचा एक अनुभव सांगतो. ग्राइंडिंगवरून नुकताच उतरवलेला शाफ्ट भोकात जाईना, म्हणून शिकाऊ मुलगा तो नाकारलेल्या मालात टाकायला निघाला होता. शाफ्ट हाताला कोमट लागत होता. २० अंश जास्त तापमानाला २५ मिलिमीटरचे पोलाद जवळपास ६ मायक्रॉन फुगते, म्हणजे किमान मोकळीक त्याने जवळजवळ सगळी गिळली होती. चहा घेऊन आलो आणि तोच शाफ्ट बोटाने आत गेला. ‘सरकती बसणी’ असे आपण लिहिले होते, ते चुकीचेच आहे असे मी म्हणणार नाही, पण बाजूला ‘एच ७ / जी ६’ ही खूण अवश्य ठेवा. फिटर तीच वाचतो.

सरकणाऱ्या दोन भागांनी एकमेकांना स्पर्शच करू नये, ही या विषयातील मला सर्वांत आवडणारी करामत. साध्या, म्हणजे गोळ्या नसलेल्या बुश बेअरिंगला तांत्रिक भाषेत ‘स्लायडिंग बेअरिंग’ म्हणतात. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी वरून एक भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊ लागले. त्यांनी बूच ठोकले, बूच बाहेर फेकले गेले. लाकडाची खुंटी ठोकली, तीही वर आली. दाबमापक लावल्यावर कळले की फिरणारा आस स्वतःच तेल ओढून पाचरीसारखे आत कोंबतो आणि त्या दाबावर सगळा भार तरंगतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले. अशा बेअरिंगची झीज होते ती मुख्यतः यंत्र सुरू होताना आणि थांबताना, कारण तेवढ्याच वेळात धातू धातूला टेकतो. म्हणून ‘स्लायडिंग बेअरिंग’ला सरकते बेअरिंग म्हटले तर बेअरिंगच जागा सोडून जाते असे वाटेल, सरळ ‘बुश बेअरिंग’ लिहावे.

पुलांच्या बाबतीत मात्र ‘सरकते बेअरिंग’ हेच योग्य आहे. ५० मीटर लांबीचा काँक्रीटचा गाळा ३० अंशांच्या तापमानफरकाने सुमारे १८ मिलिमीटर लांब-आखूड होतो, आणि त्याला एका टोकाला मोकळीक दिली नाही तर खांबालाच तडा जाईल. म्हणून एका टोकाखाली टेफ्लॉन आणि स्टेनलेस पोलादाची जोडी ठेवतात. तेथे सरकणे हवे असते आणि वाट ठरलेली असते.

जमिनीत उलट. भिंत किंवा डोंगर सरकणे म्हणजे संकट, आणि येथे मराठीची एक सवय अभियंत्याला अडचणीची ठरते. पारसिकच्या डोंगरावरून एक धोंडा निखळून खाली आला तरी आपण ‘दरड कोसळली’ म्हणतो, आणि पावसाने भिजलेला अख्खा उतार झाडांसकट खाली आला तरीही तेच म्हणतो. भूवैज्ञानिकांच्या रूढ वर्गीकरणात, जे वार्न्स यांनी १९७८ मध्ये मांडले, कोसळणे, उलथणे, घसरणे, पसरणे आणि वाहणे हे वेगळे प्रकार आहेत, आणि उपायही वेगळे आहेत. सुटा धोंडा जाळी आणि बोल्टने धरता येतो. घसरणाऱ्या उतारातून आधी पाणी काढावे लागते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दीडशेहून अधिक माणसांसह गाडले गेले, तेव्हाही शब्द ‘दरड’ हाच होता, तो इतक्या भिन्न गोष्टींना पुरत नाही. आपल्याकडच्या बेसाल्टच्या थरांमध्ये कोठे कोठे लाल, चिकणमातीसारखा पातळ थर असतो, पाणी मुरले की वरचा भाग त्यावरून घसरू शकतो. धारकभिंतीच्या, म्हणजे माती अडवून धरणाऱ्या भिंतीच्या, गणितात उलथण्याविरुद्ध आणि सरकण्याविरुद्ध अशा दोन स्वतंत्र तपासण्या असतात, आणि आय. एस. ४५६ : २००० हे मानक सरकण्याविरुद्धचा सुरक्षागुणक किमान १.४ असावा असे सांगते. भिंतीतली पाणी निघायची भोके बुजली की मागच्या पाण्याचा दाब हा गुणक निमूटपणे खाली आणतो. खिडकीची आणि भिंतीची भोके साफ न करणारा रहिवासी बहुधा एकच असतो.

बाकीचे उपयोग आपल्या पुस्तिकेत फारसे येणार नाहीत, म्हणून ओझरते सांगतो. संगणकांच्या नेटवर्कमधील ‘स्लायडिंग विंडो’ म्हणजे पोच न मिळता किती माहिती पाठवता येईल याची चौकट, पोच येईल तशी ती पुढे सरकते, म्हणून ‘सरकती चौकट’ चालेल, ‘सरकती खिडकी’ म्हटले की नेरुळमधला वाचक ॲल्युमिनियमचा भाव विचारेल. ‘स्लाइड रूल’ला सरकपट्टी हा शब्द छान आहे, वस्तू मात्र १९७२ नंतर खिशातल्या कॅल्क्युलेटरने संपवली. स्नायू आकसतो तेव्हा त्यातील तंतू आखूड होत नाहीत, एकमेकांच्या मधून सरकतात, हा १९५४ चा सिद्धान्त जीवशास्त्राच्या पुस्तकांत भेटतो. गिअरबॉक्सच्या ‘स्लायडिंग मेश’ प्रकारात गिअरच शाफ्टवर सरकतो, म्हणून तेथे आपला ‘सरकता गिअर’ अगदी बरोबर आहे, अभियंत्याने तिथेही लाल खूण केली असेल तर ती मान्य करू नका. आणि रेल्वे स्थानकावरचा ‘सरकता जिना’ कोणत्याही कसोटीला उतरत नाही, पण तो रूढ झाला आहे आणि त्याला हात लावण्यात अर्थ नाही.

राहिला ‘स्लायडिंग मोड’. आपल्या पुस्तिकेत तो मोटरच्या नियंत्रकाच्या मेनूत आला आहे. ही पद्धत सोव्हिएत संघात विकसित झाली आणि वादिम उत्किन यांच्या १९७७ च्या लेखामुळे सर्वदूर पोहोचली. हव्या वेगापासून आपण किती दूर आहोत आणि ते अंतर किती झपाट्याने बदलत आहे, या दोन राशींच्या आलेखावर एक रेषा आखतात. मोटरची स्थिती रेषेच्या एका बाजूला गेली तर नियंत्रक पूर्ण जोराने इकडे ढकलतो, दुसऱ्या बाजूला गेली तर तिकडे. कौलारू घराच्या दोन उतारांवरचे पाणी मधल्या पन्हळीत येते आणि मग पन्हळीतूनच खाली जाते, तशी स्थिती प्रथम रेषेवर येते आणि मग रेषेवरून सरकत हव्या वेगाला पोहोचते. भार कमी-जास्त झाला तरी पन्हळ बदलत नाही, हा तिचा गुण. दोन्ही बाजूंनी सतत ढकलल्यामुळे मोटर सूक्ष्म थरथरते आणि कधी कधी गुणगुणते, हा तिचा दोष. येथे दृश्य असे काहीच सरकत नाही, आणि पडद्यावर तंत्रज्ञाला मूळ नावच दिसणार आहे, म्हणून शब्द तसाच ठेवा आणि पहिल्या ठिकाणी एवढी ओळ घाला: ‘स्लायडिंग मोड – भार बदलला तरी वेग राखणारी नियंत्रणपद्धत, ती चालू असताना मोटरचा हलका गुणगुणता आवाज येणे हा बिघाड नव्हे.’